डोळे उघडणारी बाई

माह्या सासूचे डोळे मी कधी पाह्यले नाही. ऐकणाऱ्याले वाटते, ही बाई काय बोलून राह्यली, एका घरात एवढी सालं काढली, एका चुलीवर भाकरी थापल्या, अन् डोळे पाह्यले नाही? नाही पाह्यले. आमच्या देऊळघाटात, आमच्या घरात तरी, सुनेनं सासू-सासऱ्यासमोर मान वर करायची नाही. पदर कपाळाच्या खाली अन् नजर भुईवर. सासूच्या डोळ्यात डोळे घालणं म्हणजे तिले उलटून बोलण्यासारखंच. दुपारी ती झोपली का मी तिच्याकडे पोटभर पाहून घेत होती. नाक, हनुवटी, गालावरचा मस, सारं पाठ होतं मले. पण झोपेल माणसाचे डोळे मिटेल राह्यतात, त्याले मी काय करू?

तिचं नाव सत्यभामाबाई. मी आत्याबाई म्हणत होती. महाराष्ट्र होऊन दोन-तीन सालं झालती तवाची गोष्ट. हुरड्याचे दिवस होते. तुरीच्या शेंगा सोलता सोलता आत्याबाई एका बाजूले कलल्या अन् गेल्या. ना दुखणं ना खुपणं. साऱ्या घराले धाकात ठेवणारी बाई अशी कोणाले न सांगता जाईन असं वाटलं नव्हतं.

आमच्या घरच्यायचं नाव मी घेत नाही. लोक त्यायले हिंमतराव म्हणतात. ते त्या साली नवीनच पंचायतीच्या राजकारणात शिरले होते. येणारा-जाणारा वाढला होता, अन् घरात मायचा एक फोटो नाही हे त्यायले बरं दिसे ना. म्हणून तिरडी बांधायच्या आधी बुलढाण्याले माणूस धाडला अन् गुलाम रसूल फोटोवाल्याले बोलावून आणलं. आत्याबाईले नवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, खुर्चीत बसवून मागून धोतरानं बांधलं अन् फोटो काढला. तवा असंच करत लोक. जिवंतपणी कोणाले सवड होती फोटो काढायची? मंग दुकानातला कारागीर कागदावरचे मिटेल डोळे ब्रशनं रंगवून उघडे करून दे, अन् माणूस जिवंत असल्यासारखा भिंतीवर लागे.

तेरवीच्या आधी गुलाम रसूल फोटो घेऊन आला तं डोळे तसेच, मिटेल. म्हणे, "डोळे उघडणारा कारीगर अकोल्याले निघून गेला, हिंमतराव. आता असाच लावा."

"असा मुडदा लावू काय भिंतीले?" आमच्या घरचे म्हणाले. मंग काय आठवलं कोण जाणे, आत वळून मले हाक मारली. "अवं, तू लोणारले मामाच्या दुकानात फोटो रंगवत होती ना?"

हाव, रंगवत होती. लोणारले माह्या मामाचं फोटोचं दुकान होतं. तळं पाहायले, देवाले आलेले लोक तिथं फोटो काढत, अन् त्यायच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत मी रंग भरत होती. लुगड्याले हिरवा, फेट्याले गुलाबी, ओठाले जरासा तांबडा. मामा म्हणे, या पोरीच्या हाताले देवानं वेगळी माती लावली. मंग लग्न झालं. रंगाची डबी मी सोबत आणली होती. पहिल्याच सालात मी सयपाकघराच्या भिंतीवर एक पोपट काढला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईनं त्यावर शेण सारवलं. एक शब्द बोलल्या नाही. मी पण नाही बोलली. डबी पेटीत लुगड्याखाली गेली, अन् मंग पोरं झाली, ढोरं झाली, निंदणं-खुरपणं झालं, अन् मले येत होतं काही, हे मी पण विसरून गेली.

खोटं काऊन बोलू, ती हाक ऐकली अन् सासू मेल्याचं दुःख बाजूलेच राह्यलं. मले आनंद झाला. लाज वाटावी एवढा आनंद झाला.

डबी उघडली तं ब्रश कसरीनं खाल्ला होता. रंगाचे कागद मात्र शाबूत होते. त्या कागदाचा तुकडा पाण्यात टाकला का रंग सुटते. मी वासराच्या कानातले केस कापले, मोराच्या पिसाच्या नळीत बसवले, दोऱ्यानं आवळून ब्रश केला. पण हात? हात लाकूड झालता. खापराच्या तुकड्यावर रेघ ओढून पाह्यली तं शेळीच्या शेपटासारखी हाले. मी तेरवीच्या दळणा-कांडणातून उठून उठून रेघा ओढत होती. बायका म्हणत, सासूच्या दुःखानं येडी झाली बिचारी. म्हणू दे म्हटलं. हळूहळू हात वळला, अन् जवा रेघ सरळ गेली तवा मले रडू आलं.

पण डोळे कसे काढू? मी आमच्या घरच्यायले विचारलं, "आत्याबाईचे डोळे कसे होते?"

"कसे म्हणजे? डोळ्यासारखे होते."

"म्हणजे मोठे, बारीक, पाणीदार?"

"तुले येत नसन तं तसं सांग," ते म्हणाले.

सासऱ्याले विचारायची सोयच नव्हती. ज्याच्यासमोर मान वर करायची नाही त्याले त्याच्या बायकोचे डोळे विचारू काय? मंग मी माह्या रुखवताचा आरसा खिडकीत ठेवला अन् त्यात पाहून काढले. एक मीच होती त्या घरात, जिच्या डोळ्याकडे मले पाहता येत होतं.

तेरवीले आलेल्या साऱ्यायनं फोटो पाह्यला. "हुबेहूब," म्हणे. "सत्यभामाबाई आता बोलतीन का काय." एका बाईनं तं फोटोपुढे पदर सावरला. आमच्या घरचे दारात उभे राहून एकेकाले आत नेत होते अन् दाखवत होते. सासरे तेवढे फोटोसमोर जरा वेळ उभे राह्यले अन् गोठ्याकडे निघून गेले. मले वाटलं, बुढ्याले गहिवर आला असन.

अन् तिथूनच माह्या गळ्यात फास पडला. आमच्या घरच्यायनं भर पारावर सांगून टाकलं, कोणाच्या घरचं माणूस गेलं, त्याचे डोळे मिटेल असतीन, तं आणा आमच्या घरी, आमची बाई उघडून देते, पुण्याचं काम हाय. लोकायले काय, पाहिजेच होतं. गुलाम रसूल सायकलवर थैली लटकवून येऊ लागला. कोणाचा आजा, कोणाची माय, कोणाचा सासरा. यातल्या एकाही माणसाले मी तोंड वर करून पाह्यलं नव्हतं. त्या बुढ्यायसमोर तं मी रस्त्यानं जातानाही पाठ करून उभी राहत होती. पुरुषाले भुवया जाड करा, बाईले बारीक, बुढ्याले सुरकुत्या. आतली नजर मात्र आरशातली, दुसरी मी आणू कुठून?

सयपाक आवरला का फोटो, गोठा झाडला का फोटो. एक दिवस मी हिंमत करून म्हटलं, "मले आपल्या मनानं काही काढू वाटते. समोरच्या बोरीवर साळुंक्या बसतात, त्या काढीन म्हणते."

"मेलेल्यायची रांग लागली अन् तुले साळुंक्या सुचतात?" ते म्हणाले. "हे निपटू दे, मंग काढ काय काढायचं ते."

मेलेले कधी निपटतात काय? रंग हातात आले होते, ब्रश हातात आला होता, अन् आधीपेक्षा जास्त बांधल्यासारखं वाटत होतं. डबी बंद होती तवा निदान एक आस होती, का उघडली तं काहीतरी होईन.

अख्तरी बांगडीवाली आमच्या घरी येते. गावातल्या साऱ्या घरात ती आतपर्यंत जाते, कारण बांगड्या बाईले भरायच्या राह्यतात अन् बाई आत राह्यते. त्या दिवशी माहा हात हातात घेऊन बांगडी चढवता चढवता ती म्हणे, "चांगुणाबाई, एक गोष्ट बोलू? गुस्सा नको करू."

"बोल ना वं."

"ज्या घरी जाते त्या घरी भिंतीवरून तूच पाहून राह्यली. भिमाबाईचा सासरा पाह्यला? एवढ्या मोठ्या मिशा, अन् वर डोळे तुहे." ती हसली. मंग माह्याकडे नजर गेली अन् तिचं हसू मावळलं. "अल्ला कसम, मी कोणाले नाही बोलली."

"बोलू नको," मी म्हटलं.

"मी काऊन बोलू? पण तू अशी लोकायच्या भिंतीवर किती दिवस लटकतं?"

मी त्याच दिवशी ताक मागायच्या निमित्तानं भिमाबाईच्या घरी गेली. ओसरीत तिच्या सासऱ्याचा फोटो. मी पाह्यलं अन् हात आपोआप पदराले गेला, पदर पुढे ओढला. मंग ध्यानात आलं, मी माह्याच डोळ्यासमोर पदर ओढून राह्यली. ताक न घेताच घरी आली.

जेवायले वाढताना मी आमच्या घरच्यायले सांगितलं, "मी आता डोळे काढत नाही."

"उकंडरावच्या मायचा फोटो यायचा हाय."

"येऊ द्या. मी काढत नाही."

"मी शब्द देल्ला हाय. पंचायत समितीत उकंडरावावाचून पान हलत नाही, तुले मालूम हाय." ते जेवता जेवताच बोलत होते, आवाज वाढवला नाही. "तेवढा कर. नाही तं मंग त्या डबीचं काम काय या घरात? चुलीत घालू."

तो माणूस मारकुटा नाही, शिवराळ नाही. जे बोलला ते करते एवढंच. मले रातभर चुलीतली डबीच दिसत होती. एकदा गेलेली मी परत मिळवली होती, आता पुन्हा गेली तं या जन्मात कोण आणून देते?

फोटो आला. त्या दुपारी आमच्या घरचे बाहेर गेले होते अन् मी खिडकीशी आरसा लावून बसली होती. ब्रश ओला करून तसाच धरून ठेवला होता. मागं उंबऱ्यात खोकण्याचा आवाज आला. सासरे होते, महादेवराव. मी मामाजी म्हणते. मी झटक्यानं पदर ओढला अन् भिंतीकडे सरकली.

"चांगुणा," ते म्हणाले.

माहं नाव त्यायच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. नाही तं 'अवं, पाणी आण' एवढंच.

"तो फोटो तुह्या सासूचा नाही," ते म्हणाले. "नाक तिचं हाय, लुगडं तिचं हाय. पण ती जनमभर कोणाले भेली नाही. मले बी नाही. भिंतीवर जी बसली हाय ती भेलेली हाय."

 माहे डोळे लोकायच्या घरी गेले हे अख्तरीनं सांगितलं होतं. पण त्यायच्यासोबत काय गेलं हे तिनं सांगितलं नव्हतं. साऱ्या गावचे बुढे-बुढ्या, रुबाबात जगलेले, लोकायले दाबात ठेवलेले, मी भित्रे करून भिंतीले टांगले होते.

मामाजी उंबऱ्यावरच बसले. "उद्या मी मेलो का माहेही असेच करशीन. त्यापेक्षा मी जिवंत हावो तवा पाहून घे. मान वर कर अन् काढ मले."

"नको, मामाजी."

"मीच सांगून राह्यलो ना? कर वर."

मी मान वर करायले गेली. घरात कोणी नव्हतं. आत्याबाई नव्हत्या. अडवणारा जो होता तोच सांगत होता. तरी मान उठे ना. धोतरापर्यंत गेली, बंडीच्या गुंडीपर्यंत गेली, हनुवटीच्या पांढऱ्या खुंटापर्यंत गेली अन् धपकन खाली. पुन्हा केली, पुन्हा खाली. मामाजी बसून राह्यले. मले राग आला. सासूचा नाही, सासऱ्याचा नाही, या मानेचा आला. कोणी धरून ठेवली होती तिले? माहीच होती ना ती?

अन् मान खाली असल्यावर समोर जे दिसत होतं ते मी काढू लागली. फोटो गुंडाळून आलेला खाकी कागद घेतला अन् काळ्या रंगात ब्रश बुडवला. मामाजीचे पाय. वखराचं पातं लागून काळं पडलेलं नख, बाहेर फाकलेला अंगठा, टाचेच्या भेगा, घोट्याजवळची सुजलेली शीर. हात कुठं अडखळला नाही. आरशात पाहावं लागलं नाही, त्यायच्या पायाकडेही फार पाहावं लागलं नाही. एवढी सालं मी दुसरं पाह्यलंच काय होतं? या घरातल्या साऱ्यायचे पाय मले माह्या पोरायच्या तोंडावानी माहीत होते.

कागद मी भुईवरून पुढे सरकवला. मामाजीनं उचलला, लांब धरला.

"हे माहेच हायेत," ते म्हणाले. मंग म्हणाले, "तिचे येतात तुले?"

मी दुसरा कागद घेतला. आत्याबाईचे पाय लहान होते. अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यावर चढेल होतं, जोडवी झिजून तारेएवढी झालती. सकाळी चुलीपुढे त्या माह्या बाजूले येऊन उभ्या राहत अन् रागात असल्या का डाव्या पायाचा अंगठा भुईत रुतवत. बोलायच्या आधी मले अंगठ्यावरून समजे. मी तसाच काढला, रुतवेल.

मामाजीनं तो कागद घेतला. धोतराच्या सोग्यानं त्यायनं नाक पुसलं.

"रागात हाय," ते म्हणाले.

"हाव," मी म्हटलं.

तेवढ्यात आमच्या घरचे आले. बाप उंबऱ्यात बसेल, हातात कागद. "काय हाय बाबा?" म्हणून त्यायनं तो कागद ओढून घेतला.

"माय," ते म्हणाले, अन् तिथंच भुईवर बसले. रोज फोटोले हार घालत होते, उदबत्ती लावत होते, आल्या-गेल्याले दाखवत होते. असे कधी बसून गेले नव्हते.

"हा लाव भिंतीले," मामाजी म्हणाले. "अन् तो डोळ्याचा काढ."

"नको."

"काऊन?"

"लोक काय म्हणतीन, पाय कोण लावते भिंतीले," ते म्हणाले. मंग कागदाकडे पाहत हळूच म्हणाले, "मले का समजत नव्हतं, बाबा? पहिल्याच दिवशी समजलं, हे डोळे हिचे हायेत. पण मायच्या डोळ्याले मी लहानपणापासून भेत आलो. एवढा बाप्या झालो तरी भेत होतो. हे डोळे मले काही म्हणत नाही. राहू द्या तिथंच."

 

मी एवढे दिवस जीव मुठीत धरून होती का मी साऱ्यायले फसवून राह्यली. फसवलं कोणालेच नव्हतं. त्यायले तशीच बाई पाहिजे होती भिंतीवर, वरून खाली पाहणारी अन् काही न म्हणणारी. मी जिवंत होती तरी माहा फोटो टांगून झाला होता.

आमच्या घरच्यायनं कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली अन् उठले. "उकंडरावचा माणूस दिवस मावळता येईन. होते ना तवरोक?"

"होते," मी म्हटलं.

मी उकंडरावच्या मायचा फोटो मांडीवर घेतला. आरसा पालथा घातला. मामाजी उंबऱ्यातच बसून होते. लुगड्याले जांभळा रंग भरला, काठाले पिवळा. गालावर ओल्या कापसानं जरासा तांबूस हात फिरवला. बुढीच्या पापण्या मेलेल्या माणसाच्या होत्या, घट्ट अन् कोरड्या. त्यावर मी पातळ सावली देल्ली, एकावर एक, सुकू देल्ली अन् पुन्हा देल्ली, का दुपारी भाकर खाऊन आडव्या झालेल्या बाईच्या पापण्या दिसाव्या. एवढं मन लावून मी मामाच्या दुकानातही काम केलं नव्हतं.

दिवस मावळता आमच्या घरचे आत आले. फोटो हातात घेतला, दाराच्या उजेडात नेला.

"डोळे कुठं हायेत?"

"झोपली हाय," मी म्हटलं.

"अन् उकंडरावले काय सांगू?"

"माय झोपली हाय म्हणून सांगा. तिले तरी मिटू द्या डोळे. डबी चुलीत घालायची असन तं चूल पेटेलच हाय."

ते फोटो हातात धरून उभे राह्यले अन् त्यायनं माह्याकडे पाह्यलं. उंबऱ्यात मामाजी बसेल होते अन् माही मान खाली होती, म्हणून कसं पाह्यलं ते मले सांगता येत नाही.